दादाची डावी बाजू

दादाच्या छातीतली गाठ अर्ध्याहून कमी झाली असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी आम्ही तिघं कल्याण स्टेशनाबाहेर उसाचा रस प्यायलो. दादा, वहिनी आणि मी. कित्येक महिन्यांत दादाने स्वतःहून काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी गाड्यापाशी थांबला आणि रसवाल्याला म्हणाला, "बर्फ नको टाकू रे, आजारी माणूस हाय मी." म्हणाला आणि स्वतःच हसला. वहिनीने ग्लास तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. मला वाटलं, सुटलो.

दादा माझा थोरला भाऊ. आमचं गाव मुरबाडहून आत, डोंगराच्या पायथ्याशी. वडील लवकर गेले. भाताची थोडी खाचरं होती, त्यात वर्षाचं निघायचं नाही. मुरबाडला रेल्वे नाही. एसटी नाहीतर जीप. नव्वदनंतर कल्याण रस्त्यावर वडापच्या जीपा वाढल्या तेव्हा दादा आधी दुसऱ्याच्या गाडीवर राहिला, मग त्याने एक जुनी जीप स्वतःची केली. त्या जीपवर आईचं पोट चाललं, माझं डी.एड. झालं. मला शहापूर तालुक्यात शाळा मिळाली, लग्न होऊन मी आसनगावला राहायला गेले. दादाने शेवटी स्वतःचं लग्न केलं. वहिनी आली, एक मुलगी झाली. वहिनी बोलायला कमी, कामाला वाघ. दादा तिला "मास्तरीण" म्हणायचा, मला नाही. मी खरी मास्तरीण होते, पण घरात शिस्त तिची होती.

दादा बिड्या ओढायचा. ड्रायव्हर लोक ओढतात तेवढ्या, म्हणजे भरपूर. खोकला सुरू झाला तेव्हा धूळ म्हणालो, मग बिडी म्हणालो. मग छातीच्या फोटोत डाग दिसला आणि टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. आमच्याकडे छातीवर डाग म्हणजे टीबीच, दुसरं काही कोणाच्या मनात येत नाही. दादाने गोळ्या नेमाने घेतल्या, बिडी सोडली, अंडी खाल्ली. तरी पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत तो वाळतच गेला. खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा आम्ही त्याला मुंबईला नेलं, आणि तिथे कळलं की टीबी नव्हताच.

त्यानंतरचे महिने सलाईनचे. दादाचे केस गेले, भुवया गेल्या. तोंड आल्यामुळे आठवडाभर तो फक्त पेज प्यायचा. आणि हे सगळं सोसल्यावर तो फोटो, ज्यात गाठ लहान झाली होती. म्हणून त्या दिवशीच्या रसाची चव मला अजून आठवते. त्यात आलं जास्त होतं.

महिन्याभराने दादा पुन्हा जीपवर बसला. रोज नाही, बाजाराच्या दिवशी एखादी फेरी. वहिनी नको म्हणत होती. पण घरात बसून तो अजून आजारी दिसायचा, म्हणून तिनेच मग डबा भरून दिला. आणि एके दिवशी त्याने जीप पुलाच्या कठड्याला घासली. लहानसा पूल, रोजचा रस्ता, उजेड लख्ख. डाव्या बाजूचा पत्रा सगळा सोलवटला. मागे माणसं होती, कोणाला लागलं नाही. लोक खाली उतरून ओरडायला लागले तर दादा त्यांनाच विचारत होता, "कठडा? कंचा कठडा?"

औषधांनी डोळे कमजोर झाले असतील असं सगळ्यांना वाटलं. कल्याणला डोळे तपासले. डोळे चांगले निघाले. चष्मेवाला म्हणाला, लांबचं जवळचं सगळं उत्तम वाचतायत.

त्याच आठवड्यात वहिनीचा मला शाळेजवळच्या दुकानात फोन आला. तिने आजवर मला स्वतःहून कधी फोन केला नव्हता. "ताई, तुमी येऊन जा," म्हणाली. "यांना अर्धंच दिसतंय."

मी गेले. दादा अंगणात दाढी करून बसला होता. उजवा गाल तुळतुळीत आणि डाव्या गालावर साबणाचा फेस तसाच वाळलेला. मला बघून म्हणाला, "काय गो, शाळेला सुट्टी काय?" आवाज तोच, ओळखही तशीच. मी म्हटलं, "दादा, दाढी अर्धी राहिलीय." त्याने हात फिरवला, उजव्या गालावरच फिरवला, आणि म्हणाला, "झाली की."

जेवताना वहिनीने मला खूण केली. दादाच्या ताटात मधोमध भात होता, डावीकडे वालाची भाजी, उजवीकडे सुकटीची चटणी. त्याने चटणी खाल्ली, भाताचा उजवा अर्धा भाग खाल्ला, अगदी मधोमध सुरीने कापावा तसा, आणि हात चाटून म्हणाला, "भाजी नाय केलीस आज?" वहिनीने ताट उचलल्यासारखं केलं, अर्धं वळवलं आणि परत ठेवलं. दादा खूश झाला. "केलीय की," म्हणाला आणि उरलेलं सगळं जेवला.

मागच्या दारी वहिनी मला म्हणाली, "आठ दिवस झाले, असंच ताट फिरवतेय मी. पहिल्यांदा वाटलं, भूक नसंल. मंग बघितलं तर डाव्या पायात चप्पल पण नाय घालीत. सांगितलं तर बोलतात, घातलीय." तिचे हात राखेने भरलेले होते आणि ते तिने पदराला पुसले नाहीत, तसेच पुढे धरून उभी राहिली.

पुन्हा मुंबई. डोक्याचा फोटो काढला. आधीच्या मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला एका तरुण डॉक्टरीण बाईंकडे पाठवलं. त्या आमच्यापेक्षा वयाने लहान होत्या आणि बोलताना मान खाली घालत नव्हत्या, एवढं मला बरं वाटलं. त्यांनी फोटो दिव्यासमोर लावला. मेंदूच्या उजव्या भागात एक पांढरा ठिपका, वाटाण्याएवढा, आणि त्याच्याभोवती करड्या रंगाचं मोठं थोरलं डबकं. दुसरीकडे आणखी दोन अगदी बारके ठिपके.

"मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू सांभाळते," त्या म्हणाल्या. "यांना डावीकडचं दिसतं, पण डावीकडे काही आहे याची जाणीवच होत नाही. गाठ तेवढीशीच आहे. हे जे आजूबाजूला दिसतंय, ती सूज. मेंदूचा चांगला भाग सुजलाय."

"छातीतली गाठ तर कमी झाली व्हती," वहिनी म्हणाली.

"छातीत औषध पोचलं. मेंदूत तसं पोचत नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांना कडक राखण असते. विषारी काही आत जाऊ नये म्हणून ती वाटेल ते आत सोडत नाही. आमचं औषधही तिला विषच वाटतं."

दादा इतका वेळ त्या फोटोकडे बघत होता. फोटोच्या उजव्या बाजूकडेच बघत असेल. तो म्हणाला, "औषदाला अडवलं, मंग ह्याला कसं सोडलं?"

बाई टाळतील असं मला वाटलं, पण त्यांनी खुर्ची पुढे घेतली. "या गाठीच्या पेशी रक्तातून सगळीकडे फिरतात," त्या म्हणाल्या. "यकृतात जातात, हाडात जातात, कुठेही जातात. बहुतेक मरतात. नवीन जागी त्यांना कोणी थारा देत नाही. पण काही जागा अशा असतात, जिथलं आजूबाजूचं मांस त्यांना धरून ठेवतं. मेंदूत मुख्य पेशींची देखभाल करणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात. त्यांना खाऊ घालायचं, जखम झाली तर धावून जायचं, हे त्यांचं काम. परकी पेशी आली की आधी त्या तिला मारायलाच बघतात. त्यातून एखादी वाचली, की मात्र त्याच तिलाही सांभाळायला लागतात. असं का होतं, हे आम्हाला अजून पुरतं कळलेलं नाही. शोध चालू आहे."

"म्हंजे माझंच डोकं त्याला पोसतंय."

"एका अर्थाने, हो."

"मंग त्याला कळवायचं कसं," दादा म्हणाला, "की हा आपला नाय?"

त्याने हे चेष्टेत विचारलं नव्हतं. जीपमध्ये चुकीचा माणूस बसला तर त्याला कसं उतरवायचं, इतक्या सरळपणे विचारलं. बाईंनी पेनाला टोपण लावलं, मग काढलं. म्हणाल्या, "सूज उतरवायच्या गोळ्या देते. आणि डोक्याला लाईट देऊ, म्हणजे किरणांचा शेक. करता येण्यासारखं तेवढंच आहे आत्ता."

येताना वहिनी खिडकीपाशी बसून म्हणाली, "त्या बाई बोलल्या ते मला कळलं. शेणखत टाकलेल्या वाफ्यात भात येतो तसं तण पण जोमात येतं. जमिनीला काय ठावं, कोणाचं बी हाय." मी मान हलवली. मलाही तसंच समजलं होतं, पण तण उपटता येतं, एवढा फरक होता, आणि तो आम्ही दोघी बोललो नाही.

गावाहून रोज मुंबई गाठणं अशक्य होतं, म्हणून लाईटचे दिवस दादा-वहिनी माझ्याकडे आसनगावला राहिले. आई आणि त्यांची मुलगी गावी. सूज उतरवायच्या गोळ्या बारीक, पांढऱ्या. त्या गोळ्यांनी जे केलं ते मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी दादा चहा पिताना म्हणाला, "ही खिडकी इथं आधीपासून हाय?" खिडकी त्याच्या डावीकडे होती. वहिनीने ताट वाढलं आणि आम्ही दोघी बघत राहिलो. त्याने डावीकडची आमटी ओढून घेतली. वहिनी उठून मोरीत गेली आणि नळ सोडून बराच वेळ भांडी धूत राहिली. भांडी आधीच धुतलेली होती.

डॉक्टरीण बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की हा गोळ्यांचा गुण आहे, गाठ आहे तिथेच आहे. ते वाक्य मला पाठ होतं. तरी मी ते वहिनीला पुन्हा सांगितलं नाही आणि तिने मला विचारलं नाही.

त्याच गोळ्यांनी दादाचं दुसरं काहीतरी केलं. तोंड सुजून गोल झालं, आरशात त्याला स्वतःची ओळख पटेना. भूक अशी की ताटावरून उठला की तासाभरात पुन्हा डबे उघडून बघायचा. आणि राग. दादा आयुष्यात कोणावर ओरडला नव्हता. आता भाकरी जाड झाली म्हणून त्याने ती भिंतीवर फेकली. वहिनी औषध द्यायला गेली की म्हणायचा, "तू मला काय देतेस ते मला ठावं हाय." ती गोळी आधी स्वतःच्या जिभेवर ठेवून दाखवायची, मग त्याला द्यायची. मी म्हटलं, असं करू नको वहिनी. ती म्हणाली, "मंग घेतील कसे?"

लाईट संपली, ते गावी गेले. जीप अंगणात उभी होती, तिची चावी वहिनीने तांदळाच्या कणगीत पुरली होती. दादाने ती मागितली. रोज मागितली. आधी गोडीत, मग भांडून, मग आईला मध्ये घालून. आई बिचारी, तिला वाटायचं पोराला बरं वाटतंय तर फिरून येऊ दे. एका दुपारी वहिनी विहिरीवरून येते तर जीपचं इंजिन चालू. जीपच्या टपाखाली एक जादा चावी दादाने कधीपासून चिकटवून ठेवलेली होती, ती कोणालाच माहीत नव्हती.

पुढचं मला वहिनीने सांगितलं. ती हंडा तिथेच टाकून धावली. जीप सुरू झालेली. ओढून थांबवता येणार नाही हे तिला कळलं, म्हणून ती डावीकडून आत चढली आणि त्याच्या शेजारी बसली. दादा म्हणाला, "उतर." ती म्हणाली, "नाय उतरत. चला कुठं जायचं ते."

गोळ्यांचा डोस तेव्हा कमी करत आणला होता आणि डावी बाजू पुन्हा पुसट व्हायला लागली होती. वहिनीच्या ते लक्षात आलेलं होतं, दादाच्या नाही. जीप गावातून बाहेर पडली. वहिनीने दोन्ही हात समोरच्या दांडीला धरले आणि बोलायला सुरुवात केली. "डावीकडं बोरीचं झाड. जरा उजव्या अंगाला घ्या. डावीकडं म्हैस बसलीय. डावीकडं पोरी चालल्यात, शाळेच्या, तीन. सावकाश. आता खड्डा हाय डावीकडं." दादा ऐकत होता आणि तिने सांगितल्याप्रमाणे चाक वळवत होता. समोरून एसटी आली, पण ती उजवीकडून गेली, म्हणून त्याला दिसली. मुख्य रस्त्याला लागायच्या आधी दादाने जीप कडेला घेतली. इंजिन बंद केलं. समोर बघत म्हणाला, "तू बोललीस त्यातलं मला एक पण दिसलं नाय."

"मला ठावं हाय," वहिनी म्हणाली.

"पोरी पण नाय दिसल्या."

"त्या बाजूला झाल्या व्हत्या."

दादाने चावी काढून तिच्या ओटीत ठेवली. दोघं चालत घरी आली. जीप दुसऱ्या दिवशी गावातल्या एकाने आणून लावली, आणि त्यानंतर दादा तिच्याकडे फिरकला नाही.

त्यापुढचा उतार भराभर होता. दादाचा डावा पाय ओढला जायला लागला. उलट्या व्हायच्या, त्याही न मळमळता, बोलता बोलता. डोकं दुखलं की तो कपाळ थंड भिंतीला लावून उभा राहायचा. मी शनिवारी शाळा सुटली की आसनगावहून निघायचे, कल्याणला उतरायचे, तिथून जीप किंवा एसटीने मुरबाड, मग पुढे मिळेल ते. वाटेत मी मनात हिशेब करायचे की अजून काय राहिलंय करायचं. दर वेळी यादी लहान होत जायची आणि मी ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

आम्ही धम्म घेतलेली माणसं. माझ्या आजोबांनी देव्हारा विसर्जित केला तेव्हापासून आमच्या घरात अंगारा आला नव्हता, भगत आला नव्हता. वडिलांचा तर या गोष्टींवर एवढा राग की त्यांनी आजारपणात आईला शपथ घातली होती. तीच आई एके दिवशी पदराखाली दादाचा सदरा घेऊन डोंगरावरच्या पाड्यात भगताकडे जाऊन आली. येताना कसल्या तरी सालीचा काढा घेऊन आली आणि चुलीपाशी तो लपवून ठेवला. मला वाटलं, आता वहिनी भडकणार, कारण घरात सगळ्यांत कडक तीच होती. माहेरी तिचे वडील बुद्धविहाराचं काम बघायचे. वहिनीने तो काढा हुंगला, गाळला, त्यात गूळ घातला आणि दादाच्या तोंडाला लावला.

"वहिनी," मी म्हटलं.

"ताई, तुमच्याकडं दुसरं काय हाय?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "असंल तर सांगा, हे आत्ता ओतून देते."

दादा काढा प्यायला आणि थोड्या वेळाने सगळा ओकला. आईने जमीन पुसून घेतली. पुन्हा त्याचं नाव कोणी काढलं नाही.

आम्ही त्याला अजून एकदा मुंबईला नेलं. खरं म्हणजे मी नेलं. हट्ट माझा होता. नवीन फोटोत बारके ठिपके बारके राहिले नव्हते. मी डॉक्टरीण बाईंना दाराबाहेर गाठलं. म्हटलं, कापून काढा. त्या म्हणाल्या, एक असती तर विचार केला असता. मी म्हटलं, मग सूज उतरवायच्या त्या गोळ्या वाढवा, त्यांनी डावी बाजू परत येते, मी बघितलंय. त्या म्हणाल्या, वाढवते, पण आता पहिल्यासारखा गुण येणार नाही. मी म्हटलं, पुस्तकात काही असेल, परदेशात काही असेल. शाळेत मी मुलांना सांगते की प्रश्न नीट विचारला की उत्तर मिळतं, आणि इथे मी एकामागून एक प्रश्न विचारत सुटले होते, कारण मी थांबले की त्या जे म्हणणार होत्या ते मला ऐकायचं नव्हतं. शेवटी त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "घरी घेऊन जा त्यांना. प्रवास नका घडवू आता."

दादा तेव्हा बाकावर बसला होता. त्याने विचारलं, "काय बोलल्या?" मी म्हटलं, गोळ्या वाढवल्या. तो म्हणाला, "बरं."

गावी वहिनीने खाट फिरवली. दार, माणसं, पाण्याचा तांब्या, सगळं दादाच्या उजवीकडे येईल अशी. डावीकडे भिंत. भेटायला येणाऱ्यांना ती उंबऱ्यातच सांगायची, "इकडून बसा, तिकडं बसलात तर त्यांना कळणार नाय." मुलगी शाळेतून आली की उजवीकडे येऊन बसायची आणि दिवसभराचं सांगायची. दादा तिचं बोट धरून ऐकायचा. मध्येच झोपायचा.

एका रविवारी मी त्याच्या उशाशी होते. दुपार होती, वहिनी दारात वालाच्या शेंगा सोलत होती. दादा एकदम अस्वस्थ झाला. उजव्या हाताने काहीतरी ढकलायला लागला. "काढ ह्याला," म्हणाला. "कोण हाय हा? माझ्या खाटेवर कोण झोपलंय?"

मी बघितलं तर तो स्वतःचाच डावा हात ढकलत होता. तो हात आता लुळा पडला होता, त्याच्या छातीवर आडवा आला होता. "दादा, तुझाच हात आहे," मी म्हटलं.

"माझा नाय. माझे हात मला ठावं नाय काय? कोणाचा हाय हा? काढ बोलतोय ना." त्याने तो मनगटाला धरून खाटेवरून खाली टाकायला बघितला. त्याच्या डोळ्यांत भीती होती. परका माणूस अंगाला चिकटून झोपलेला असावा तशी. मी समजावत राहिले, हा खांदा बघ, हे कोपर बघ, तुझाच आहे. जितकं समजावलं तितका तो घाबरला.

वहिनी मांडीवरचं शेंगांनी भरलेलं सूप बाजूला ठेवून आत आली. खाटेच्या कडेला टेकली. "अवो, माझा हाय तो हात," ती म्हणाली. "राहू द्या ना. दमलाय."

दादा थांबला. "तुझा?"

"माझाच. दिवसभर काम करून दुखतोय."

त्याने ढकलणं सोडलं. मग त्याने उजव्या हाताने तो हात सावकाश वर घेतला, छातीवर ठेवला आणि बोटं दाबायला लागला, एक एक करून, जशी कामावरून आलेल्या माणसाची दाबतात तशी. "गार पडलाय गो," म्हणाला. वहिनी तिथेच बसून राहिली, तिचे खरे दोन्ही हात मांडीत धरून. मी बाहेर जाऊन उरलेल्या शेंगा सोलल्या. त्यानंतर जोपर्यंत त्याला शुद्ध होती तोपर्यंत तो हात वहिनीचाच राहिला.

पुढे तो बहुतेक झोपेतच असायचा. आकडी यायची. झटका आला की वहिनी त्याला कुशीवर वळवायची, तोंड पुसायची, परत सरळ करायची. रात्र नाही, दिवस नाही. तिला कोणी सांगितलं, जरा पड, की ती म्हणायची, "हाक मारली तर?" तो आता हाक मारत नव्हता. पण घशातून एक आवाज यायचा आणि ती उठायची.

दादा सकाळी गेला, शाळेच्या वेळेला. मी आदल्या दिवशीच रजा टाकून आले होते. आई अंगणात होती, मुलीला शेजारी नेलं होतं. वहिनी त्याचे ओठ ओल्या फडक्याने पुसत होती. श्वास लांब लांब होत गेला आणि मग पुढचा आलाच नाही. वहिनीने तरी आणखी थोडा वेळ फडकं फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती रडली नाही. तिने त्याच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "दाढी करायला पायजे यांची."

गावातले जमले. मुरबाड-कल्याण रस्त्यावरचे जीपवाले आले, गाड्या रस्त्याला लावून ओळीने उभे राहिले. त्रिसरण झालं, पंचशील झालं. आई सारखी एकच विचारत होती, "छातीतलं बरं झालं व्हतं ना गो बाय? मंग कसा गेला?" मी तिला उत्तर द्यायचा प्रयत्न केला. डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं तसंच सांगायला गेले, राखण, थारा, सूज. दोन वाक्यांनंतर माझं मलाच ते ऐकवेना. आई अजूनही कधीकधी तेच विचारते. मी म्हणते, डोक्यात गेलं होतं आई. ती म्हणते, हां, डोक्यात.

सगळे विधी आटोपल्यावर मी वहिनीला आणि मुलीला थोडे दिवस आसनगावला घेऊन आले. वाटेत मी विचारलं, "वहिनी, तुला काय हवंय? काही हवं असेल तर सांग." मला वाटलं ती मुलीच्या शाळेचं काढेल, शेतीचं काढेल. ती म्हणाली, "मला झोपायला पायजे, ताई."

घरी आल्यावर तिने पाय धुतले आणि आतल्या खोलीत चटईवर पडली. चादरही घेतली नाही. संध्याकाळ झाली, दिवे लागले, ती उठली नाही. सकाळी मी श्वास बघून आले. मुलीला मी शेजारच्या मुलांबरोबर खेळायला पाठवलं, कुकरची शिट्टी काढून ठेवली, दाराची कडी वाजू नये म्हणून तिला फडकं बांधलं. दुसरा दिवसही तसाच गेला. ऊन उतरल्यावर आतून हालचाल ऐकू आली आणि ती दारात येऊन उभी राहिली. केस विस्कटलेले, गालावर चटईचे वळ. तिने आधी खोलीभर बघितलं, मग माझ्याकडे.

"कोणी हाक मारली काय मला?"

"नाही," मी म्हटलं. "कोणी नाही मारली."

ती तिथेच उंबऱ्यावर खाली बसली.